नवख्यांचा हिशेब

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होतो आणि पुढच्या पंधरवड्यात आमच्या वसतिगृहात सगळ्या नवख्यांचे निकाल लागूनही जातात. हा चालणार, तो बाद, अमक्याला उगाच एवढ्या वर निवडला. मी मोहालीच्या सेक्टर ८१ मध्ये, म्हणजे ज्याला इथे सगळे नॉलेज सिटी म्हणतात तिथे, संख्याशास्त्र शिकवतो. अमेरिकेतले रात्रीचे सामने आपल्याकडे पहाटे दिसतात. त्यामुळे नऊच्या तासाला पोरं जांभया देत येतात, पण मतं मात्र ताजी असतात. "सर, तीन सामन्यांत अकरा गुण. खतम!" मी फळ्यावर तीन आणि अकरा हे आकडे लिहितो आणि त्यांच्यावरून नेमकं काय कळलं ते विचारतो. मग वर्ग शांत होतो, किंवा विषय बदलतो.

हा उतावळेपणा आजच्या पोरांचा नाही. एनबीएने सर्वोत्तम नवख्या खेळाडूचा किताब १९५२-५३ च्या हंगामापासून द्यायला घेतला आणि तो पहिल्यांदा फोर्ट वेन पिस्टन्सच्या डॉन माइनेकेला मिळाला. तेव्हा निदान निकाल वर्षाअखेरीस लागायचा. १९८०च्या दशकात दर महिन्याचा नवखाही जाहीर होऊ लागला. वर्षाचा महिना झाला, महिन्याचा आठवडा व्हायला कितीसा वेळ लागणार? दूरचित्रवाणीवर बसलेल्या माजी खेळाडूंना तर एक सामनाही पुरे होतो.

त्यातली सगळ्यात गाजलेली फजिती चार्ल्स बार्कलीची. २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्यांच्या निवडीत, ह्यूस्टन रॉकेट्सने पहिल्याच क्रमांकावर साडेसात फुटी याओ मिंग घेतला. ३० ऑक्टोबरला इंडियानाविरुद्ध तो पहिला सामना खेळला. गुण शून्य, रिबाउंड दोन. बार्कली स्वतः मोठा खेळाडू, आणि तोंडाळ. हा गडी या हंगामात एकाही सामन्यात १९ गुण करणार नाही, केले तर आपण सहकारी केनी स्मिथच्या पार्श्वभागाचं चुंबन घेऊ, अशी पैज त्याने कॅमेऱ्यासमोर लावली. १७ नोव्हेंबरला लेकर्सविरुद्ध याओने २० गुण केले. नऊ फेकी, नऊच्या नऊ बास्केट. स्मिथने स्टुडिओत एक गाढव आणवलं आणि बार्कलीने पैज त्या गाढवावर भागवली. पोरांना ही गोष्ट फार आवडते. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. शून्यावरून काढलेला निष्कर्ष उतावळा होता, हे कबूल. पण नऊपैकी नऊ पाहून "बघा, हा महान आहे" म्हणणारे काय वेगळं करत होते? पुढे २०१६ मध्ये याओ हॉल ऑफ फेममध्ये गेला म्हणून ते बरोबर ठरले, एवढंच.

उलटी बाजू पाहायची तर २०१३ ची निवड घ्या. अकराव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने मायकेल कार्टर-विल्यम्स घेतला. पहिलाच सामना, समोर गतविजेते मायामी हीट. या पोराने २२ गुण केले, १२ बास्केटना पास दिले, ७ रिबाउंड घेतले आणि ९ वेळा चेंडू हिसकावला. संघ जिंकला. हंगामाअखेर सर्वोत्तम नवखा तोच ठरला. त्याच निवडीत चार क्रमांकांनी मागे, पंधराव्या जागेवर, मिलवॉकीने ग्रीसमधून एक हडकुळा पोरगा उचलला होता. पहिल्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे सात गुणांच्याही खाली राहिली. २०१५ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाने आपला किताबवाला नवखा अदलाबदलीत देऊन टाकला आणि तो नेमका मिलवॉकीतच येऊन पडला. तिथून पुढेही तो संघ बदलत राहिला. तो हडकुळा पोरगा म्हणजे यानिस अँटेटोकुंपो. त्याला २०१९ आणि २०२० असा लागोपाठ दोनदा लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, आणि २०२१ मध्ये त्याने मिलवॉकीला विजेतेपद मिळवून दिलं.

चंडीगडच्या माणसाला हे समजावायला बास्केटबॉलची गरज नाही. सेक्टर १६ च्या मैदानावर देशप्रेम आझाद यांच्या हाताखाली तयार झालेला कपिल देव १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये फैसलाबादला पहिली कसोटी खेळला, तेव्हा त्याला एकच बळी मिळाला. तीन कसोटींच्या त्या मालिकेत एकूण सात, आणि प्रत्येक बळीमागे साठहून अधिक धावा मोजून. या आकड्यांवर कोणीही त्याला घरी पाठवला असता. पाठवला नाही, याचं एक कारण त्याची गुणवत्ता. दुसरं कारण असं की त्या वेळी आपल्याकडे वेगाने चेंडू टाकणारं दुसरं कोण होतं? पर्याय नव्हता म्हणून त्याला षटकं मिळत राहिली, आणि षटकं मिळाली म्हणून ४३४ बळींपर्यंत जाता आलं. युवराज सिंगला ही चैन नव्हती. २००० साली नैरोबीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्याच डावात ८४ धावा काढूनही थोड्याच महिन्यांत तो संघाबाहेर होता.

माझ्या विषयाने या प्रश्नाला एक उत्तर दिलं आहे, आणि गंमत म्हणजे तेही मैदानावरूनच आलं. १९५६ मध्ये चार्ल्स स्टाइन यांनी एक विचित्र वाटणारी गोष्ट सिद्ध केली. तीन किंवा अधिक गोष्टींचा अंदाज एकदम करायचा असेल, तर प्रत्येकीची स्वतःची सरासरी हा सर्वांत चांगला अंदाज नसतो. पुढे १९७०च्या दशकात ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी हे बेसबॉलवर लावून दाखवलं. १९७० च्या हंगामातले अठरा फलंदाज घेतले, प्रत्येकाच्या फक्त पहिल्या ४५ पाळ्या पाहिल्या आणि उरलेला हंगाम झाकून ठेवला. रॉबर्टो क्लेमेंटे तेव्हा ०.४०० वर होता, सगळ्यांची मिळून सरासरी होती सुमारे ०.२६५. सूत्र सांगतं की प्रत्येकाला त्या सामाईक सरासरीकडे ओढा. पुढे गेलेल्याला मागे, मागे पडलेल्याला पुढे. क्लेमेंटे आला ०.२९ च्या आसपास. झाकलेला हंगाम उघडला तेव्हा अठरा जणांच्या एकूण चुकीत हे ओढून घेतलेले अंदाज खूपच सरस निघाले.

क्लेमेंटेच्या बाबतीत मात्र सूत्र चुकलं. उरलेल्या हंगामात तो ०.३४६ ने खेळला. कारण तो नवखा नव्हताच. १९५५ पासून खेळत होता, त्याची मागची वर्षं सगळ्यांना ठाऊक होती, फक्त सूत्राला ठाऊक नव्हती. वर्गात मी या चुकीवर जास्त वेळ घालवतो. मागचं माहीत असेल तर ते हिशेबात धरलंच पाहिजे, आणि माहीत नसेल तर आपण गपचूप काहीतरी धरून चालतोच.

पंजाबच्या पोरांच्या बाबतीत जे धरलं गेलं ती उंची होती.

इथून रस्त्याने काही तासांवर बर्नाला जिल्ह्यातलं बल्लो के. घरी शेती, पिठाची गिरणी आणि मुलगा सतनाम, जो दहाव्या वर्षाच्या आसपास लुधियानाच्या बास्केटबॉल अकादमीत दाखल झाला. गुरू नानक स्टेडियममधल्या या अकादमीला आकार दिला तो पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या परंपरेतल्या एस. सुब्रमण्यन यांनी. गावोगाव उंच पोरं हेरायची आणि त्यांना शून्यापासून खेळ शिकवायचा, अशी त्यांची पद्धत. कबड्डी, शेती, काहीही करत असो, आधी उंची. त्या वाटेने सतनाम २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला, आणि २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्सने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं. एनबीएच्या निवडीत नाव आलेला तो पहिला भारतीय. सात फूट दोन इंच.

त्यानंतरचं सगळं त्याला दुय्यम लीगमध्ये, टेक्सास लेजंड्सच्या बाकावर, पाहावं लागलं. दोन हंगामांत थोडे सामने, त्यातही थोडी मिनिटं. त्या मिनिटांवरून सतनामचा निकाल लावणारे लेख मी वाचले आहेत, आणि ते वाचताना मला दर वेळी राग येतो. एवढ्या मिनिटांत काहीच सिद्ध होत नाही, ना बाजूने ना विरुद्ध. प्रशिक्षकाने मिनिटं दिली नाहीत, तिथेच त्याचं मत होऊन गेलं होतं. आकडेवारी नंतर त्या मताची साक्षीदार म्हणून उभी केली गेली. पुढे उत्तेजक चाचणीत तो दोषी ठरला, दोन वर्षांची बंदी आली, आणि आता तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्ती करतो. या शेवटावरून सुरुवातीचा निकाल बरोबर ठरवण्याची घाईही मला पटत नाही.

सतनामची निवड झाली त्याच वर्षी आणखी एक तमाशा झाला, त्यामागे मात्र मुंबईत वाढलेला माणूस होता. विवेक रणदिवे यांनी २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज हा संघ घेतला. २०१५ च्या एप्रिलमध्ये किंग्जने टोरोंटोत जन्मलेल्या, पंजाबी आईबापांच्या सिम भुल्लरला दहा दिवसांच्या करारावर घेतलं. असा करार एनबीएत खरोखरच असतो. माणूस दहा दिवस पाहायचा आणि ठरवायचं. साडेसात फुटांच्या आसपासचा भुल्लर तीन सामन्यांत मिळून काही मिनिटं खेळला, त्याचे दोन गुण झाले, आणि एनबीएतला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू म्हणून इतिहास तेवढ्यात लिहून झाला. रणदिव्यांची हौस खरी होती, हे मान्य करायला हवं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स हे एनबीए संघ भारतात पहिल्यांदा खेळले, तेही त्यांच्याच आग्रहामुळे, असं मी मानतो. पुढे २०२१ मध्ये उन्हाळी लीग जिंकणाऱ्या किंग्जच्या संघात गुरदासपूर जिल्ह्यातला प्रिन्सपाल सिंग होता. एनबीएच्या कुठल्याही पातळीवरचं विजेतेपद मिळवलेल्या संघातला तो पहिला भारतीय. मिनिटं त्यालाही मोजकीच मिळाली.

चंडीगडचा अमज्योत सिंग या सगळ्यांहून मला जवळचा वाटतो. तो आधी जपानमध्ये खेळला, मग २०१७ मध्ये ओक्लाहोमा सिटीच्या दुय्यम संघाने त्याला घेतलं. अमेरिकेत पाऊल टाकलं तेव्हा तो पंचविशीचा होता, भारतासाठी वर्षानुवर्षं खेळलेला. २०१४ मध्ये वूहानला चीनला हरवणाऱ्या भारतीय संघात तो होता. तरी तिथे तो नवखाच. क्लेमेंटेच्या बाबतीत सूत्राने जे केलं, तेच.

या वर्षी मी पोरांना सांगितलं, नवख्याचा अंदाज ओढून घ्यायचा तर सामाईक सरासरी हवी. भारतात घडून एनबीएत खेळलेल्यांची सरासरी काढा पाहू. एकाने लगेच ओळखलं की यादीच रिकामी आहे. मग अशा पोराला कोणत्या सरासरीकडे ओढायचं? चीनच्या सेंटरांच्या? युरोपच्या? की सात फुटांवरच्या सगळ्यांच्या? वर्गात तट पडले. जालंधरची एक मुलगी, जी संस्थेच्या संघातून खेळते, तिला कुठलाच तट मान्य नव्हता. तिचं म्हणणं, प्रशिक्षकाला हंगाम झाकून ठेवता येत नाही. त्याला आज रात्रीचा सामना जिंकायचा असतो, चार हरला तर त्याचीच नोकरी जाते. तो नवख्याला मिनिटं देतो ती स्वतःच्या पगारातून. मी म्हटलं, मग दुय्यम लीग कशासाठी असते? तिथे तरी सामने हरायची मुभा असायला हवी. ती म्हणाली, "सर, तिथल्या प्रशिक्षकालाही वर जायचं असतं."