खुंटीपासून कपाटापर्यंत

माझ्या मालकीचे एकेचाळीस शर्ट आहेत, हे मला वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं. तेही मी मोजले म्हणून नव्हे, सौभाग्यवतींनी मोजले म्हणून. ती एकेक शर्ट झटकून पलंगावर टाकत होती आणि मी, पंचनामा चाललेल्या घराच्या मालकासारखा, खुर्चीत अंग चोरून बसलो होतो.

प्रसंग असा की, मुलुंड पूर्वेची आमची इमारत आता पाडायची ठरली आहे. पुनर्विकास! तीन वर्षांत नवी जागा देतो असं बिल्डर म्हणतो. आमच्या वयाला तीन वर्षांचा वायदा म्हणजे काय, हे त्याला कोण सांगणार? तोवर भाड्याच्या एका खोलीत आणि स्वयंपाकघरात राहायचं. तिथे भिंतीतलं एकच कपाट, त्याला चार खण. सौ.नं वाटणी जाहीर केली.

"एकात अंथरुणं-पांघरुणं, एकात देवाचं आणि कागदपत्रं, एक माझा, एक तुमचा."

"आणि माझे कपडे?"

"तेच सांगतेय मी. एक खण."

तेवढ्यात नात आली. तिला फार आनंद झाला. "आजोबा, परदेशात लोक मुद्दाम असं करतात! मोजकेच कपडे ठेवायचे. सगळे अंगाला सुखाचे, आणि कुठलाही कुठल्याहीवर चालणारा. यावर पुस्तकं आहेत." हे सांगताना तिच्या अंगात डंगरी होती, दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. ती तशीच विकत मिळते आणि धड असलेलीपेक्षा महाग पडते म्हणे. मी तिला म्हटलं, "बाळ, हे नाव आपल्या डोंगरीवरून आलंय. जे. जे. हॉस्पिटलच्या पलीकडची डोंगरी. तिथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडाला गोरे व्यापारी सतराव्या शतकापासून त्याच नावाने ओळखत. गरिबाचं कापड ते!" ती म्हणाली, "हो? क्यूट!" इतिहासाचं असंच होतं.

पण मोजक्या कपड्यांवर पुस्तकं! अहो, आमच्या घाटकोपरच्या चाळीत प्रत्येक खोलीत त्या विषयातला एकेक तज्ज्ञ राहत होता. आमच्या खोलीतले तज्ज्ञ म्हणजे आमचे वडील. ते परळच्या एका कापडगिरणीच्या कचेरीत कारकून होते. त्यांची मालमत्ता मी डोळे मिटून सांगू शकतो. दोन धोतरं, तीन सदरे, एक काळा कोट, एक काळी टोपी. घरात नेसायला पंचा आणि वर बंडी. हे सगळं तीन खुंट्यांवर मावे, आणि तिसऱ्या खुंटीवर छत्रीही असे. एक जोड अंगावर, एक वलणीवर. तिसरा सदरा पाहुण्यांसाठी, म्हणजे आपण पाहुणे होऊन जाऊ तेव्हासाठी. सकाळी अंगात काय घालावं हा प्रश्न त्यांना हयातीत पडला नाही. वलणीवर जे वाळलं असेल ते. जुलैत कधी कधी तेही नसे. मग निखारे घातलेला पितळी तांब्या ओल्या सदऱ्यावर फिरवायचा आणि वाफाळत्या सदऱ्यानिशीच गाडी पकडायची.

आणि आम्हा पोरांचे कपडे? गिरणीत नोकरी म्हणजे कापड सवलतीत. दिवाळीआधी वडील काखेत एक ताका घेऊन यायचे. निळ्या रेघांचा असला तर घर निळ्या रेघांचं. आम्हा तिघा भावांचे शर्ट त्याचे, बहिणीचा झगा त्याचा, उशांचे अभ्रे त्याचे आणि उरलेल्यात खिडकीचा पडदा. त्या पडद्यासमोर उभा राहून काढलेला माझा एक फोटो आहे. त्यात नुसतं डोकं दिसतं.

खरी गंमत पुढे होती. आमच्या घरात कपडा विटे, विरे, फाटे, पण मरत नसे. धोतर मध्ये झिरपलं की आई ते मधोमध फाडून, झिजलेला भाग काढून, दंड घाली. दंड घातलेलं धोतर आणखी वर्षभर चाले. मग त्याचे पंचे. पंचे आणखी मऊ झाले की ते कोणाच्या तरी बाळंतपणाची वाट पाहत पेटीत जात, कारण बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं. बाळ मोठं झालं की तेच फडकं ताक गाळायला. नंतर पोतेरं. आणि अगदी शेवटी, चुलीपाशी काकडा. लुगडी गोधडीत जात. कापूस शेतातून निघून आमच्या चुलीत पोचेपर्यंत त्याचे सहा-सात जन्म होत असावेत. कपाट लागणार कशाला? जुनं पुढच्या जन्माला गेल्याशिवाय नवं येतच नसे.

आई म्हणायची, हे तर काहीच नाही. दुसऱ्या महायुद्धात कापड दिसेनासं झालं होतं. १९४३ च्या जूनमध्ये सरकारनं कापडावर नियंत्रण आणलं, गिरण्यांना कापडावर किंमत छापावी लागे, आणि वडील गिरणीत असूनही आईनं म्हणे आठ महिने एकच लुगडं दंड घालघालून नेसलं. दुकानदाराकडे जे नाही ते घरवालीलाही नाही, हा वडिलांचा बाणा. आई हे सांगताना त्यांच्याकडे अशी बघे की ते टोपी घालून बाहेर पडत.

पण नाइलाजानं कमी कपडे हा काही इतिहास नव्हे. ते पोटापाण्याचं झालं. असताना कमी ठेवणारी माणसं निराळी. त्यातले आमचे आवडते सार्वजनिक काका. गणेश वासुदेव जोशी, पुण्याचे वकील. १८७७ साली दिल्लीला लॉर्ड लिटननं मोठा दरबार भरवला. राजेरजवाडे हिऱ्या-माणकांनी मढून आले, आणि त्या झगमगाटात सार्वजनिक सभेच्या वतीनं काका उभे राहिले, ते स्वतः कातलेल्या सुताच्या पांढऱ्या जाड्याभरड्या कपड्यांत! गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. मी एवढंच म्हणतो की, लग्नाच्या बोलावण्यात आपण एकटेच इस्त्री न केलेल्या कपड्यांत असलो तर काय वाटतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या माणसाची छाती कळेल.

त्यानंतर कपडे जाळायचे दिवस आले. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, सावरकरांना त्यापायी दहा रुपये दंड आणि वसतिगृहातून हकालपट्टी झाली. ३१ जुलै १९२१ ला गांधीजींनी आमच्या वडिलांच्याच परळला, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, मोठी होळी पेटवली. भारी भारी कपडे ज्वाळांत गेले. त्यावर रवींद्रनाथ ठाकूर आणि अँड्र्यूज या दोघांनीही नापसंती कळवली. देशात माणसं उघडी असताना कपडे जाळता कसले? गांधीजींना ते पटलं नाही. मला विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही) रवींद्रनाथांच्या बाजूनं माझं मत. एकदा दंड घातलेलं लुगडं पाहिलेला माणूस कापड जळताना पाहू शकत नाही.

पण गंमत बघा, पुढच्या दोन महिन्यांत गांधीजी मद्रास इलाख्यात फिरले तेव्हा त्यांना वाटेत लोक हेच म्हणाले, की परदेशी टाकून खादी घ्यायची तर पैसे कुठून आणायचे? त्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिलं ते मदुराईत, २२ सप्टेंबर १९२१ ला. टोपी आणि बंडी काढून ठेवली आणि गुडघ्याएवढा पंचा नेसून बाहेर आले. एवढ्यात भागत असेल तर कोणालाच महाग नको! आणि यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे, त्यांनी तेव्हा हे जाहीर केलं होतं फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत. सव्वा महिन्याचा प्रयोग! तो सव्वीस वर्षं चालला. माझे प्रयोग मी जन्मभरासाठी जाहीर करतो आणि ते सव्वा महिनाही टिकत नाहीत. १९३१ साली गोलमेज परिषदेला जाताना मार्सेयच्या जकात अधिकाऱ्यांपुढे त्यांनी सामान सांगितलं त्यात सहा चरखे, तुरुंगातली भांडी, शेळीच्या दुधाचा डबा आणि सहा पंचे-टॉवेल एवढंच काय ते निघालं. म्हणजे कपड्यांइतकेच चरखे! सौ.ला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "चरखे कुठल्या खणात ठेवले होते?"

मग आमचं बिघडलं कुठे? मी याचा पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते दोन गोष्टींनी घात केला.

पहिली टेरिलीन. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन अशा दोन गृहस्थांनी हा धागा शोधला. साठीच्या दशकात तो मुलुंडच्या शेजारी, आमच्या ठाण्यातच निघू लागला. १९६८ साली पहिल्या पगारात मी टेरिलीनचा शर्ट घेतला. घरात आणला तेव्हा वडिलांनी तो बोटांत चुरगळला, सोडला, आणि तो पुन्हा सरळ झालेला पाहून गप्प झाले. "हे कापड नव्हे," एवढंच म्हणाले. मला राग आला होता. ना इस्त्री, ना नीळ, ना खळ. रात्री धुवावा, सकाळी घालावा! कुर्ल्याला गर्दी आत शिरली की तो शर्ट अंगाला डकवलेल्या पाकिटासारखा चिकटे, पण सुरकुती पडत नसे. सुख म्हणजे सुरकुती नसणं, असं मला त्या वयात वाटत होतं.

त्याच्यातली मेख फार उशिरा कळली. टेरिलीन विटत नाही, विरत नाही, फाटत नाही. म्हणजे त्याला मरण नाही. आणि तो पाणी शोषत नाही, म्हणून त्याचं ना दुपटं होतं, ना पोतेरं. म्हणजे पुढचा जन्मही नाही! आमच्या घरात सहा-सात जन्मांची जी साखळी चालत आली होती ती त्या एका शर्टापाशी तुटली. तो शर्ट अजून आहे. एकेचाळिसांपैकी पहिला तोच. कॉलरचा आकार सोडला तर काल घेतल्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कपाट. लोखंडी कपाटं गोदरेज कंपनीनं १९२३ पासूनच करायला घेतली होती. पुढे विक्रोळीला त्यांचा मोठा कारखाना झाला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्यासुद्धा तिथे तयार झाल्या. त्यांचं कपाट काही आम्हाला परवडलं नाही. १९७७ साली मुलुंडला आल्यावर आम्ही कुर्ल्याहून एक बिननावाचं आणलं. आल्या दिवशी ते एवढं रिकामं होतं की दार लावलं की आत आवाज घुमे. सौ.ला ते बरं दिसेना. रिकामी खुंटी कोणाच्या डोळ्यांत येत नाही हो, पण रिकामं कपाट खाऊ मागतं. आम्ही ते सत्तेचाळीस वर्षं भरवलं.

वडील आमच्याकडे आले तेव्हा त्यांना एक खण देऊ केला होता. त्यांनी सुताराकडून भिंतीत तीन खुंट्या ठोकून घेतल्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वडील तेव्हा निवृत्त होते, पण सदऱ्याचं कापड आणायला वर्षातून एकदा गिरणीच्या दुकानात जात. अडीच लाख कामगार बाहेर बसले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. वडिलांची गिरणी पुन्हा उघडली नाही. मी त्यांच्यासाठी बाजारातून पॉपलीन आणलं. त्यांनी ते चुरगळून पाहिलं, छान आहे म्हणाले, आणि जुन्याच सदऱ्यांना कॉलर उलटून घेतली. दोन वर्षांनी ते गेले. मागे जे राहिलं ते एका पिशवीत मावलं, आणि वर तो काळा कोट. बढती मिळाली तेव्हा, १९५२ साली, आपल्याच गिरणीच्या सुती ड्रिलचा शिवलेला. लोअर परळला फिनिक्स मिल होती तिथे आता मॉल आहे, नात मला एकदा घेऊन गेली होती. चार मजले कपडेच कपडे. मी सवयीनं एकेक चुरगळून बघत होतो, तर तिथली मुलगी मागे मागे फिरायला लागली.

तर परवा बोहारीण आली. आता सोसायट्यांचे वॉचमन त्यांना फाटकाशीच अडवतात, सौ. खाली जाऊन घेऊन आली. तेहतीस शर्ट तिच्यापुढे ठेवले. तिनं वरवर चाळले, दोन सुती बाजूला काढले आणि बाकीचा ढीग पायानंच सरकवला.

"काका, हे टेरिकॉट कोण घेनार? पुसायला पन नाय चालत."

पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी सगळ्याला मिळून एक स्टीलची वाटी. त्यातले बरेच पानिपतला जातील असं ती म्हणाली. तिथे जुन्या कपड्यांचा धागा करून ब्लँकेटं विणतात. मराठी माणसाचं पानिपतावर पुन्हा पुन्हा काहीतरी जातंच.

मग तिची नजर खुर्चीवरच्या कोटाकडे गेली. तिनं तो उचलला, बाही दोन बोटांत धरून चुरगळली, थेट वडिलांसारखी, अस्तर उलटून पाहिलं, आणि पिशवीतून झाकणासकट मोठं पातेलं काढून समोर ठेवलं. तेहतीस शर्टांना वाटी आणि एका कोटाला पातेलं! सौ.नं पातेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तो नाही द्यायचा," मी म्हणालो.

"मग घालनार काय तुमी?" बोहारणीनं विचारलं. मला तो खांद्यात होत नाही. वडील माझ्याहून बारीक होते.

संध्याकाळी मी माझा खण लावला. आठ शर्ट, तीन पँटी, दोन लेंगे, एक स्वेटर. कोट घडी करून ठेवला तर शर्ट बाहेर, शर्ट ठेवले तर कोट बाहेर. दोनदा काढले, दोनदा लावले. मग कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून देऊन मी फिरायला गेलो. परत आलो तर खुर्ची मोकळी. विचारायची हिंमत होईना. तिच्या खणाचं दार अर्धवट उघडं होतं. आत तिच्या आईची दंड घातलेली नऊवारी होती, तिच्याखाली काळी बाही दिसत होती, आणि तिच्या चार चांगल्या साड्या पलंगावर, बोहारीण पुढल्या खेपेला येईल म्हणून, बांधून ठेवल्या होत्या.