वेशीचा पहारा आणि शिवेचा माग

गावात घरफोडी झाली आणि चोराच्या पावलांचा माग शेजारगावच्या शिवेला जाऊन भिडला, म्हणजे तेथून पुढे त्या चोरीचे उत्तरदायित्व शेजारगावाचे होई, असा दंडक पेशवाईत देशावरच्या मुलखात चालत होता. माग आपल्या हद्दीबाहेर गेला, एवढे पहिल्या गावच्या राखणदाराने सांगून भागत नसे. पलीकडच्या राखणदाराने तो स्वतः पाहावा, त्याची खातरजमा व्हावी, आणि मग पहिल्याने मोकळे होऊन दुसऱ्याने त्याच पावलांवर पुढे निघावे, अशी रीत होती. ज्या गावात माग शेवटचा स्पष्ट उमटलेला आढळे, त्या गावाने गेलेला माल हुडकून द्यावा अथवा त्याची भरपाई करावी. भरपाईचा बोजा प्रथम राखणदाराच्या ऐपतीवर पडे आणि उरलेला समस्त गावावर बसे. पेशव्यांचा मुलूख कंपनी सरकारकडे गेल्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 साली जो अहवाल सादर केला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन आले आहे. पूर्ण रकमेची वसुली विरळाच होई, बहुधा दंडावर भागे. परंतु हयगय किंवा चोरांशी संगनमत उघडकीस आले, तर पाटलाचे किंवा राखणदाराचे वतन त्याच्या जवळच्या नातलगाकडे जाई, आणि प्रसंगी बेडी व फटकेही नशिबी येत.

हा राखणदार कोठे रामोशी असे, कोठे महार, कोठे मांग, तर उत्तरेकडे भिल्ल किंवा कोळी. रात्री पहारा करणे हे त्याच्या कामाचे दृश्य अंग झाले. खरे काम दिवसाचे होते. गावात कोण आले, कोण गेले, परका इसम कोणाच्या ओसरीवर उतरला, कोणाची चालचलणूक संशयास्पद आहे, हे सर्व त्याने ध्यानी ठेवावे आणि पाटलाच्या कानी घालावे, अशी अपेक्षा असे. त्याच्या चरितार्थाची योजनाही अशी होती, की हे ज्ञान त्याला आपोआप प्राप्त व्हावे: त्याचा हक्क म्हणजे घराघरातील धान्याचा अल्पसा वाटा, आणि तो मिळवायचा तर कोणाचे खळे कधी झाले, कोणाच्या घरी काय आले, याची खबर ठेवून त्याला दारोदार फिरणे प्राप्तच होते. पोटासाठी पडलेला हा फेरा हीच गावाची दिवसाची गस्त होती. राखणदाराचे स्वहित आणि गृहस्थाचे रक्षण इतके एकमेकांत गुंतवून ठेवणारी दुसरी व्यवस्था या प्रांताच्या इतिहासात मला आढळलेली नाही.

घराच्या बांधणीकडे पाहिले, म्हणजे या पहाऱ्याची आवश्यकता अधिक स्पष्ट होते. वाड्याचा दरवाजा भक्कम, त्यातील दिंडी वाकून शिरावे लागेल एवढीच, आतून भिंतीत सरकणारा अडसर, रस्त्याच्या अंगाच्या खिडक्या लहान व उंच. हा सारा बंदोबस्त खराच. परंतु सामान्य रयतेच्या घराच्या भिंती मातीच्या, आणि रात्रीच्या काही घटकांत त्यांना भगदाड पाडणे कुशल चोराला अशक्य नव्हते. दरवाजा कितीही बळकट असला तरी चोर दरवाजाने येतोच असे नाही, हे ओळखून धान्य जमिनीखालच्या पेवात ठेवण्याचा प्रघात पडला. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर अलीकडेपर्यंत प्रसिद्ध होती. पेवाने चोरापासून आणि आगीपासून रक्षण केले, पण त्याचा स्वतःचा धोका होता: दीर्घकाळ बंद राहिलेल्या पेवात प्राणवायू उरत नाही आणि विषारी वायू तळाशी साचतो, म्हणून तोंड उघडल्यावर त्यात हवा खेळू द्यावी, पेटता दिवा दोरीने खाली सोडावा, आणि तो विझला तर माणसाने उतरू नये. ज्यांच्या घरी जुनी पेवे किंवा आड अजून आहेत, त्यांनी ही दक्षता आजही कटाक्षाने पाळली पाहिजे. खाली कोसळलेल्याला काढावयास दुसरा तसाच उतरला, तर तोही दगावतो.

गावाची वार्ता आणि गावाचा पहारा ही दोन कामे बहुधा एकाच हातात होती. वेशीजवळ राहून दिवसा येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवणारा आणि रात्री दरवाजे लावणारा येसकर हाच सरकारी हुकमाची दवंडी पिटी, चावडीवरचा निरोप घरोघर पोहोचवी आणि मृत्यूची बातमी घेऊन परगावीही तोच जाई.

शहरात हेच काम कोतवालाच्या कचेरीकडे होते, पण तेथे त्याचे स्वरूप पालटले. पुण्याच्या कोतवालाने जिनसांचे भाव ठरवावे, शहरात येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवावी, घरे व गल्ल्या यांचे तंटे तोडावे आणि जागेच्या खरेदीविक्रीवर देखरेख करावी, असा त्याचा विस्तृत अधिकार असे. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात आढळलेल्या माणसाला गस्तवाले पकडून सकाळपर्यंत अटकेत ठेवीत. पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या विल्यम टोन या आयरिश अधिकाऱ्याने या शिस्तीची वाखाणणी केली असून, अवेळी बाहेर पडलेल्या खुद्द पेशव्यालाही एकदा रात्रभर अटकेत राहावे लागल्याची कथा नमूद केली आहे. परंतु ज्या अधिकाऱ्याला रयतेच्या रात्रीवर अशी सत्ता लाभते, त्याच्यावर रयतेची नजर राहिली नाही तर काय घडते, ते घाशीराम सावळदासाच्या कारकिर्दीने दाखविले. 1777 पासून तो कोतवाल होता. 1791 च्या ऑगस्टअखेरीस त्याच्या कोठडीत कोंडलेल्या तैलंगी ब्राह्मणांपैकी अनेक जण गुदमरून मेले, आणि क्षुब्ध जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. गावचा राखणदार घराघराला बांधलेला होता. शहरचा कोतवाल केवळ हुजुराला बांधलेला होता, आणि दोघांतील हा भेद मला निर्णायक वाटतो.

1818 साली पेशवाई जाऊन कंपनी सरकारचा अंमल आल्यानंतर गावातील बंधनेही सैल होत गेली. पुरंदरच्या परिसरातील रामोश्यांची किल्ल्याची राखण आणि तिच्याबरोबरचे हक्क गेले, आणि त्या असंतोषातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले; 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. रामोश्यांना चोर ठरविणाऱ्या त्याच राजवटीतील साहेबलोक पुण्याच्या छावणीत आपल्या बंगल्यांच्या राखणीसाठी पगारी रामोशी ठेवीत, याची नोंद येथे केलीच पाहिजे. 1867 साली मुंबई इलाख्यासाठी जिल्हा पोलिसांचा आणि ग्रामपोलिसांचा असे दोन स्वतंत्र कायदे झाले, आणि गणवेशातील शिपाई व गावचा राखणदार हे दोन निराळे वर्ग कायद्याने मुक्रर झाले.

जुन्या व्यवस्थेची थोरवी सांगताना तिचा अन्याय झाकून ठेवणे हे इतिहासाशी प्रतारणा करणे होईल. सर्वांच्या घरांची राखण ज्यांच्याकडे होती, त्यांची स्वतःची घरे गावकुसाबाहेर होती; गावचा माल गेला तर पहिली तोशीस त्यांना, आणि त्यांच्या झोपडीची राखण मात्र कोणाच्याच वतनात लिहिलेली नव्हती. महार वतनदाराला अल्पशा जमिनीच्या व बलुत्याच्या मोबदल्यात वेळी-अवेळी सरकारची आणि गावाची कामे करावी लागत, एवढेच नव्हे तर त्याच्या घरच्या माणसांनाही राबावे लागे. हे वतन म्हणजे दास्य आहे, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यासंबंधीचे विधेयक मांडले. त्यानंतरही तीस वर्षे लोटली आणि 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. ती गेली हे सर्वस्वी योग्य झाले.

तथापि जे वतनाबरोबर गेले आणि जावयास नको होते, ते म्हणजे शेजाऱ्याच्या घराची माहिती असणे हे कर्तव्य आहे, ही जाणीव. पूर्वी ती एका दुर्बल वर्गाच्या माथी मारलेली होती; आता ती प्रत्येक गृहस्थाने आपखुशीने स्वीकारावयाची आहे. बाहेरगावी जाताना विश्वासू शेजाऱ्याला परतीचा दिवस सांगून ठेवावा, नव्या भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी, अपरिचित इसम दुसऱ्याच्या दाराशी घोटाळताना दिसला तर त्याला नम्रपणे पण निश्चयाने विचारणा करावी, गावात ग्रामरक्षक दल असेल तर त्यात आपली पाळी घ्यावी, आणि ज्याला आपण पगार देऊन रात्रभर जागवतो त्या पहारेकऱ्याचे नाव, गाव व त्याच्या घरची स्थिती आपल्याला ठाऊक असावी.