गच्चीवरची भाजी आणि कठीण दिवस

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीच्या भाजीबागेचा इतिहास लिहून द्या' असे सांगितले. शाळेत ३१ वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे नाही म्हणायची सोयच नव्हती. पण खरे सांगायचे तर बी विंगच्या गच्चीवरची ही बाग अवघी पाच वर्षांची. सोसायटीच्या २५ वर्षांत तिचा वाटा पाचवा हिस्सा. एवढ्याशा बागेला इतिहास तो कितीसा असणार? मात्र अडचणीच्या काळात माणसांनी भाजी लावण्याचा इतिहास फार मोठा आहे, आणि आपली बाग त्यातच बसते. म्हणून आधी थोडे बाहेरचे सांगते, मग गच्चीवर येते.

आपल्यापैकी जे गावाकडून आले त्यांना परसदार आठवत असेल. मोरीचे पाणी जिथे जाई तिथे अळू, बाजूला केळ, कुंपणाला घेवडा नाहीतर दोडका, कोपऱ्यात शेवगा. त्याला कोणी बागकाम म्हणत नसे. घरात भाजी नसेल त्या दिवशी बाईमाणूस मागे जाई आणि पदरात काहीतरी घेऊन येई. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या वर्षीही आमच्या आजीचे अळू तेवढे हिरवे होते, कारण भांडी घासलेले पाणी ती त्यालाच घालायची.

आता जरा लांब जाऊ. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटनमध्ये बरेचसे अन्न जहाजांनी बाहेरून येई, आणि ती जहाजे जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या. ऑक्टोबर १९३९ मध्ये सरकारने 'डिग फॉर व्हिक्टरी' ही मोहीम काढली. लोकांनी हिरवळी खणून बटाटे, कोबी, गाजरे लावली. टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातही वाफे झाले. भाड्याने घेतलेल्या भाजीच्या तुकड्यांची संख्या सुमारे ८ लाखांवरून १४ लाखांपर्यंत गेली.

लेनिनग्राडची गोष्ट याहून कठीण. सप्टेंबर १९४१ मध्ये शहराला वेढा पडला तो जानेवारी १९४४ पर्यंत उठला नाही. पहिल्या हिवाळ्यात काही आठवडे कामावर नसलेल्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि तोही धड पिठाचा नसे. लाखो लोक भुकेने गेले. १९४२ चा वसंत आला, बर्फ वितळला, तेव्हा जे वाचले होते त्यांनी चौक आणि उद्याने खणायला घेतली. सेंट आयझॅक कॅथेड्रलसमोर कोबी लावलेला फोटो मी दरवर्षी नववीच्या मुलांना दाखवत असे. त्याच शहरात वाव्हिलोव्ह यांच्या संस्थेत जगभरचे बियाणे जपून ठेवले होते. तिथले काही शास्त्रज्ञ उपाशी मेले, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. मुले विचारायची, "बाई, त्यांनी खाल्लं का नाही?" मी म्हणायची, "युद्ध संपल्यावर पेरायला काय उरलं असतं?"

आपल्याकडे १९४२-४३ च्या सुमारास 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू झाली. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ उपवास करायचे आवाहन केले, आणि मोकळ्या जागेत भाजी-धान्य लावा असेही सांगितले. आपल्या सोसायटीतल्या ज्येष्ठांपैकी काहींच्या घरी तो सोमवार पाळला जात होता.

तुरुंगातल्या बागांचा इतिहास तर वेगळाच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे नेते अहमदनगरच्या किल्ल्यात डांबले गेले. नेहरूंनी तिथली दगडगोट्यांची जमीन खणून फुलांचे वाफे केले. त्यांच्यासोबत मौलाना आझाद होते. १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी कोलकात्याला वारल्या आणि त्यांची शेवटची भेटही झाली नाही. तिकडे दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला यांनी रॉबेन बेटावर खडकाळ पट्ट्यात टोमॅटो, मिरच्या, कांदे लावले. १९८२ मध्ये त्यांना पोल्समूर तुरुंगात हलवले, तेव्हा तेलाची १६ पिंपे अर्धी कापून त्यांच्या ३२ कुंड्या केल्या आणि थेट गच्चीवर बाग केली. कोबी, वांगी, काकडी, पालक, बीट अशी सुमारे ९०० रोपे होती. कैद्यांच्या स्वयंपाकघरात भाजी जाई आणि पहारेकरीही पिशव्या घेऊन येत.

पिंपे आणि गच्ची म्हटल्यावर आपली बाग तुमच्या डोळ्यांपुढे आली असेलच. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर लॉकडाऊन लागला. पुण्यात भाजी मिळेना, मार्केट यार्डही मध्ये काही दिवस बंद राहिले. आदल्या वर्षीच्या रंगकामाचे २२ रिकामे डबे जिन्याखाली पडून होते, 'भंगारात द्या' म्हणून सभेत दोनदा विषय झाला होता. आमच्या ह्यांनी आणि चौथ्या मजल्यावरच्या दोन मुलांनी त्यांना तळाला भोके पाडली. माती थोडी, सुका पाला जास्त आणि ओला कचरा, असे थर भरले. घरातले धणे रगडून पेरले, मेथीदाणे टाकले, पुदिन्याच्या काड्या खोचल्या. वॉचमनमामांकडे गावची भेंडी आणि गवारीचे बी निघाले. ऊन कडक, म्हणून मेथी-कोथिंबीर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवली. बारा दिवसांनी पहिली कोवळी मेथी निघाली. चोवीस घरांत वाटली तेव्हा प्रत्येकाला चिमूटभर आली. पण लोक मास्क लावून, अंतर ठेवून गच्चीवर आले. महिनाभरात पहिल्यांदा एकमेकांना पाहत होते.

२०२१ चा चैत्र मात्र वेगळा गेला. पाडव्यानंतर आठ दिवसांत हे गेले. मी स्वतः घरात विलगीकरणात होते, त्यामुळे जाता आले नाही. पुढचे पंधरा दिवस दाराच्या कडीला रोज डबा अडकवलेला असे. भेंडी, माठ, चवळीच्या शेंगा. कोणाच्या घरून आला हे विचारायची गरज नव्हती, कारण भाजी वरचीच होती.

मग एका संध्याकाळी मी वर गेले. ह्यांनी फेब्रुवारीत लावलेला दुधीचा वेल मांडवावर चढला होता. फळ मात्र धरत नव्हते. इतक्या उंचावर किडे-पाखरे कमी, त्यामुळे परागीभवन होत नव्हते. दुधीची पांढरी फुले दिवेलागणीला उमलतात. नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवायचे, एवढेच काम. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा दुधी आधीच दिसतो, त्यावरून ती ओळखायची. मी रोज सहा वाजता वर जाऊ लागले. दुःख हलके झाले असे मी म्हणणार नाही. पण दिवसात एक तास असा होता, ज्यात माझ्यावाचून कोणाचे तरी अडत होते. जूनपर्यंत अकरा दुधी निघाले. आझाद आणि नेहरूंविषयी वर्गात मी वर्षानुवर्षे बोलले होते. ते वाफे का खणत असतील, हे मला त्या वेलाखाली कळले.

आता पुढचे. गच्चीचे वॉटरप्रूफिंग येत्या वर्षी करायचे आहे आणि बाग काढावी असा एक सूर आहे. पाचव्या मजल्यावर ओल येते, ही तक्रार खरीच आहे आणि ती दूर झाली पाहिजे. पण ओली माती जड असते, पाला हलका असतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी शहरात कमी मातीत, पालापाचोळ्यावर पीक घेण्याची रीत शिकवली, ती आपण अर्धीच पाळली. डबे स्टँडवर ठेवून, खाली ताटल्या देऊन, माती आणखी कमी करून बाग कडेच्या तुळयांवर नेता येईल. इंजिनिअरचा सल्ला घ्या, खर्चाचा माझा वाटा मी आगाऊ देते.

२०२० ची ती दोन मुले आता नोकरीनिमित्त बाहेरगावी असतात. तरी परवा एकाचा फोन आला, "आजी, यंदा भेंडी लावली का?" लावली आहे. बी त्याच पहिल्या भेंडीचे आहे. दरवर्षी चार शेंगा झाडावरच वाळू देते. माझ्या देवघराशेजारच्या फडताळात काचेची बरणी आहे, ज्यांना हवे त्यांनी येऊन न्यावे. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.