मर्यादित-घसर डिफरन्शियल : समविभागणीतील एका दोषाचा इतिहास

मोटारीचे एक चाक चिखलात वा बर्फावर फिरत राहावे, दुसरे कोरड्या जमिनीवर स्तब्ध असावे आणि गाडी जागची हलू नये, हा अनुभव सर्वपरिचित आहे. ‘डिफरन्शियल सर्व शक्ती घसरणाऱ्या चाकाकडे पाठविते’ असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. हे स्पष्टीकरण सदोष आहे. आणि जोवर ते मान्य केले जाते, तोवर मर्यादित-घसर डिफरन्शियलचा इतिहासही नीट उलगडत नाही. म्हणून प्रथम मूळ यंत्राचा धर्म पाहणे इष्ट होय.

वळणावर बाहेरच्या चाकास आतील चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच ताठ आसावर जखडली, तर त्यांपैकी एकास तरी रस्त्यावर घासत जावे लागेल. डिफरन्शियल ही अडचण दूर करते. त्यातील दंतचक्रांच्या रचनेमुळे दोन चाकांच्या वेगांत फरक पडू शकतो. मात्र त्या वेगांची सरासरी दंतचक्रे धारण करणाऱ्या पिंजऱ्याच्या वेगाइतकीच राहते. या यंत्राचा उगम मोटारीत नाही. लंडनच्या जोसेफ विल्यमसनने 1720 मध्ये घड्याळातील मध्यम वेळेवरून सौर वेळ दाखविण्यासाठी अशी योजना केली होती. वाफेच्या गाडीसाठी तिचे पेटंट 1828 मध्ये घेणारा फ्रेंच यंत्रज्ञ ओनेझिफोर पेकर हाही मूळचा घड्याळजीच. 1877 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने ती तीनचाकी सायकलीत आणली, आणि कार्ल बेंझच्या 1886 च्या मोटारीतही ती होती.

परंतु वेगांना दिलेल्या या स्वातंत्र्याची दुसरी बाजू अशी की, चाकांना फिरविणारा जोर, म्हणजेच परिबल, डिफरन्शियल दोहोंना समसमान वाटते. समजा, बर्फावरील चाकास 100 परिमाणांइतकेच परिबल पेलते आणि कोरड्यावरील चाकास 800. पहिले चाक घसरू लागताच त्याची बाजू 100 वर अडते. समविभागणीच्या नियमामुळे दुसऱ्याच्या वाट्यासही 100 च येतात. एकूण 200. इंजिनात कितीही सामर्थ्य असले, तरी ते येथे निरुपयोगी ठरते. अर्थात् दोष पक्षपाताचा नसून काटेकोर समतेचा आहे.

हा दोष आरंभापासून असूनही त्याची मोठी निकड दीर्घकाळ भासली नाही, कारण इंजिनांचे सामर्थ्य अल्प होते. परिस्थिती पालटली ती 1930 नंतरच्या ग्रां प्री शर्यतींत. 1934 पासून लागू झालेल्या नियमाने गाडीचे वजन 750 किलोग्रॅमपुरते मर्यादित केले; इंजिनाच्या आकारावर मात्र बंधन नव्हते. फर्डिनंड पोर्श यांनी ऑटो युनियनसाठी आखलेल्या सोळा सिलिंडरांच्या गाडीचे सामर्थ्य 1936 पर्यंत सुमारे 520 अश्वशक्तीवर पोहोचले होते. ताशी 160 किलोमीटरच्या आसपासही तिचे मागचे एक चाक घसरत असे. म्हणून 1935 मध्ये पोर्श यांनी फ्रीड्रिक्सहाफेनच्या झेडएफ या दंतचक्रनिर्मात्यांकडे उपाय मागितला. त्यांच्या रचनेत कंगोरेदार कड्यांमधून सरकणाऱ्या खुंट्यांचे घर्षण दोन चाकांच्या वेगांतील फरकास विरोध करी. पुढे महायुद्धकाळात, केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या क्यूबेलवागन या लष्करी गाडीतही हेच तत्त्व उपयोगी पडले. शर्यतीत अतिसामर्थ्यामुळे आणि चिखलात पकडीच्या अभावामुळे उद्भवणारी अडचण यांत्रिकदृष्ट्या एकच होती.

प्रवासी मोटारींत हा उपाय अमेरिकेत रुळला. 1956 मध्ये पॅकार्डने आणि 1957 मध्ये शेव्हरोलेने तो ग्राहकांपुढे ठेवला. पॅकार्डच्या रचनेत इंजिनाचा जोर वाढला की, आडव्या दांड्या उतरत्या खाचांवर चढून क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबीत. 1958 मध्ये अमेरिकन पेटंट मिळालेल्या व्हर्नन ग्लीझमन यांच्या रचनेने, म्हणजे पुढे ‘टॉर्सेन’ नावाने प्रसिद्ध झालेल्या डिफरन्शियलने, चकत्यांऐवजी दंतचक्रांमधील घर्षणच कामास लावले. वरील उदाहरणात अशी रचना पकड असलेल्या चाकास दुसऱ्याच्या तिप्पट परिबल देऊ शकत असेल, तर एकूण 400 मिळतील. मात्र एक चाक पूर्णपणे अधांतरी असेल, तर शून्याची तिप्पटही शून्यच. म्हणूनच चकत्यांच्या प्रकारात स्प्रिंगांचा प्रारंभिक दाब ठेवलेला असतो.

जुन्या गाडीत असे डिफरन्शियल बसविताना या इतिहासाचा प्रत्यय येतो. मूळ पिंजरा काढून नवा बसवायचा, त्यावर क्राउन व्हील आवळायचे, पातळ शिमा घालून बेअरिंगांचा दाब साधायचा, क्राउन व्हील व पिनियन यांच्या दातांमधील मोकळीक डायल गेजने मोजायची आणि दातांवर रंग लावून स्पर्शाचा ठसा तपासायचा. या बाबतीत साध्या डिफरन्शियलचीच शिस्त लागू पडते. वेगळेपण तेलात आहे. चकत्यांच्या बहुतेक रचनांना घर्षण नियंत्रित करणारे द्रव्य मिसळलेले तेल लागते. ते नसल्यास वळणावर चकत्या अडखळत व खडखडत घसरतात. शिवाय चालक चाकांपैकी एकच जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये चालविणे धोक्याचे ठरते, कारण जमिनीवरील चाक गाडी पुढे ढकलू शकते.

या लाभाचे मूल्यही द्यावे लागते. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले, तरी दुसरे बहुधा आपली पकड राखून गाडीला आडवे सरकण्यापासून सावरते. मर्यादित-घसर रचनेत दोन्ही चाके एकदम सुटली, तर निसरड्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकू लागतो. घसर पूर्णपणे बंद न करता ‘मर्यादित’ ठेवण्यामागे वळणाची सुलभता आहे, तशी ही सावधगिरीही आहे.

आज अनेक गाड्यांत संगणक घसरणाऱ्या चाकास ब्रेक लावून हेच कार्य साधतो. ब्रेकचा विरोध मिळाल्याने त्या बाजूस अधिक परिबल पेलते आणि समविभागणीच्या नियमानेच तितके दुसऱ्या चाकासही मिळते. पेकरच्या यंत्राचा नियम येथे मोडलेला नाही. त्याचा चातुर्याने उपयोग करून घेतला आहे. ‘शक्ती घसरणाऱ्या चाकाकडे जाते’ या समजुतीतून या उपायाचा उलगडा होत नाही, समपरिबलाच्या नियमातून मात्र सहज होतो. यंत्रांचा इतिहास लिहिताना संशोधकांची नावे व पेटंटांची वर्षे नोंदणे आवश्यक आहेच. परंतु यंत्राचा धर्म चुकीचा समजला गेला, तर त्या नावांना व वर्षांना जोडणारा कार्यकारणभाव हाती लागत नाही.