जेऊरची दोन मिनिटे आणि परातीतला सूर्य

22 जानेवारी 1898. करमाळा तालुक्यातील जेऊर हे लोहमार्गावरचे लहानसे गाव त्या दुपारी जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या नकाशावर होते. (नगर तालुक्यातील जेऊर बायजाबाईचे ते हे नव्हे. हे जेऊर नगर जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडचे.) खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून ईशान्येस विदर्भाकडे गेला, त्यात ते येत होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आणि कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल या दोघांचेही तळ तेथे पडले होते. दिवस प्लेगचे, आदल्याच वर्षी पुण्यात रँडचा वध झाला होता. कॅम्पबेल यांचा कॅमेरा 40 फूट लांबीचा होता आणि हा सारा खटाटोप होता सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी.

याच ग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आले. 1868 मध्ये त्यांनी तेथे हेलियम शोधला ही कथा आजही सांगितली जाते, पण त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते.

त्या काळच्या मोहिमांत डोळ्यांची काळजी दोन उलट कारणांनी घेतली जाई. सूर्य अंशतः झाकलेला असताना काजळी धरलेल्या किंवा गडद रंगीत काचेतून पाहायचे. सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचे चित्र रेखाटणाऱ्यांच्या डोळ्यांवर मात्र आधी काही मिनिटे पट्टी बांधत. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून. खग्रास स्थिती आली की पट्टी निघे. ते सुरक्षितही होते, कारण बिंब पूर्ण झाकल्यावर उरणारा प्रभामंडलाचा उजेड साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतकाच असतो. घात करते ती न झाकलेली कोर, मग ती कितीही बारीक असो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. दृष्टीच्या मध्यभागी पडलेला डाग बहुधा काही तासांनंतर जाणवतो.

शास्त्रज्ञांकडे काच होती, घराघरांत मात्र वेध पाळून दार लावून बसण्याची रीत होती. ज्यांना कुतूहल आवरत नसे ते परातीत पाणी घेऊन, क्वचित त्यात हळद कालवून, सूर्याचे प्रतिबिंब पाहत. ही युक्ती केवळ आपली नव्हे. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात सॉक्रेटिसही ग्रहण पाण्यातील प्रतिबिंबात न पाहणाऱ्यांचे डोळे बिघडतात, असे म्हणतो. न्यूटनने तरुणपणी आरशातला सूर्य पाहिला आणि नंतर त्याला काही दिवस अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. आरशाच्या मानाने पाणी सौम्य खरे, पण हिशेब करून पाहावा. सूर्य उंच असताना पाण्याचा पृष्ठभाग सुमारे 2 टक्के, म्हणजे लाखात 2,000 भाग प्रकाश परतवतो. आज मान्य असलेल्या ग्रहण-चष्म्यातून लाखात जास्तीत जास्त तीनेक भाग पार होतात. हळदीने पाण्याचा रंग बदलतो, पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश तेवढाच राहतो.

काजळीच्या काचेचेही तेच. थर एकसारखा बसत नाही, शिवाय डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण त्यातून येतात. एक्स-रेची फिल्म, जुने निगेटिव्ह, दोन-तीन गॉगल एकावर एक ही त्याच काचेची वंशावळ. वेल्डिंगची काच चालते, पण 14 क्रमांकाची.

16 फेब्रुवारी 1980 रोजी खग्रास पट्टा कर्नाटकातून गेला, तेव्हा महाराष्ट्रातही भर दुपारी रस्ते ओस पडले होते. 24 ऑक्टोबर 1995 रोजी, ऐन दिवाळीत, दूरदर्शनने ग्रहण थेट दाखवले आणि कागदी चष्मे सर्वतोमुखी झाले. पंधरा वर्षांत भीतीची जागा उत्साहाने घेतली. डोळ्यांच्या दृष्टीने उत्साह अधिक जोखमीचा. दार लावून बसणाऱ्याचे दृष्टिपटल निदान शाबूत राहत असे.

खर्च न करता पाहण्याची निर्धोक वाटही घरातच आहे. सूर्याकडे पाठ करून पुरणाची चाळणी धरली की जमिनीवर तिच्या प्रत्येक छिद्राची एकेक चंद्रकोर उमटते. कडुनिंबाखालच्या कवडशांतही तेच दिसते.

2 ऑगस्ट 2027 रोजी पश्चिम भारतातून ग्रहण दिसेल, मात्र खंडग्रास. म्हणजे चष्मा उतरवण्याजोगी दोन मिनिटे त्या दिवशी नाहीत, आणि पावसाळ्यातला विरळ ढगही चष्म्याचे काम करत नाही.