प्राकारातील पर्जन्यजल : पूर्वजांची योजना आणि आजची फरसबंदी

अंत्रुज महालातील कोणत्याही देवालयाच्या प्राकारात प्रवेश करणाऱ्या भाविकाची दृष्टी प्रथम दीपमालेकडे जाते, तेथून ती तुळशीवृंदावनावर व सभामंडपावर येते आणि शेवटी गर्भगृहातील समईच्या मंद प्रकाशात स्थिरावते. पायाखालच्या जमिनीकडे ती क्वचितच वळते. तथापि ही जमीन कोणत्या बाजूस किती उतरती आहे, यावरच त्या दीपमालेचे व सभामंडपाचे आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. देवालयांचा इतिहास लिहिताना सनदा, शिलालेख, स्थलांतरे आणि जीर्णोद्धार यांची नोंद होते, आणि ती व्हावयासच हवी. पण पावसाच्या पाण्यास वाट कशी करून दिली होती, हाही त्या इतिहासाचाच एक भाग आहे. तो कोठे लिहिलेला आढळत नाही. तो दगडात आणि उतारात वाचावा लागतो.

पाण्याच्या निचऱ्याचा विचार आपल्या देशात फार प्राचीन आहे. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मोहेंजोदडो नगरात रस्त्यांच्या कडेने विटांची झाकलेली गटारे होती आणि गाळ साचण्यासाठी त्यांत मधूनमधून खड्डे ठेवलेले होते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घरबांधणीचे नियम देताना सांडपाण्याच्या मार्गाचाही समावेश केला आहे. तो मार्ग शेजाऱ्याच्या भिंतीपासून ठराविक अंतरावर असावा, त्यास पुरेसा उतार असावा, आणि या नियमाचे उल्लंघन करणाऱ्यास ५४ पण दंड व्हावा, असे त्याने सांगितले आहे. स्वतःच्या अंगणातील पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर सोडणे हा तेव्हाही अपराधच मानला जाई.

देवालयाच्या बाबतीत पाण्याचे दोन प्रवाह असतात आणि पूर्वजांनी ते कटाक्षाने वेगळे ठेवले. अभिषेकाचे तीर्थ गर्भगृहातून प्रणालीवाटे बाहेर पडते. शिवालयात ती प्रणाली ओलांडावयाची नाही, म्हणून प्रदक्षिणाही अर्धीच घालतात. दुसरा प्रवाह आकाशातून येणाऱ्या पाण्याचा. त्यास शास्त्रोक्त नाव किंवा विधी नाही, परंतु त्याचे सामर्थ्य मोठे. गोमंतकात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील सुमारे नव्वद टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १५६० पासून पुढे, साष्टी, तिसवाडी व बारदेश येथील देवता पोर्तुगीज सत्तेच्या कक्षेबाहेर नेण्यात आल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची महालसा म्हार्दोळास आली. त्या काळी अंत्रुज आदिलशाही अमलाखाली होता; तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला तो १७६३ साली. देवता घेऊन आलेली ही माणसे केवळ भाविक नव्हती. ती गांवकरी संस्थेत वाढलेली होती. खाजण शेतीचे बांध आणि भरती-ओहोटीस उघडमीट करणाऱ्या मानशी सांभाळणे हा त्यांच्या गावांचा पिढीजात व्यवहार होता. बांधास पडलेले लहानसे भोक वेळीच बुजविले नाही तर एका भरतीत सारे शेत खारे होते, हे त्यांस कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती.

नव्या भूमीचे स्वरूप मात्र निराळे होते. येथे खाडीचे पाणी नव्हते, डोंगराचे होते. अंत्रुजातील बहुतेक देवालये डोंगरउतार आणि सखल शेते वा कुळागरे यांच्या मधल्या पट्ट्यात वसली आहेत. डोंगरावरून येणारा लोंढा देवालयाच्या मागच्या बाजूस अडवून बगलेने फिरवावयाचा, प्राकारात पडलेले पाणी पुढच्या बाजूस उतरवावयाचे, आणि दोन्ही पाणी व्हाळास, तळीस किंवा कुळागराच्या पाटास मिळवावयाचे, अशी ही सरळ पण दूरदृष्टीची योजना होती. बांदिवड्याच्या नागेशीसारखी काही देवस्थाने या स्थलांतराच्याही आधीपासून अंत्रुजात होती. तेथील शिलालेख १४१३ सालचा आहे. त्याहूनही प्राचीन असे कदंबकालीन तांबडी सुर्ल येथील महादेवाचे देवालय सह्याद्रीच्या पायथ्याशी घनदाट अरण्यात, ओढ्याच्या काठी, उंच जोत्यावर उभे आहे. जोते उंच आणि पाण्याची वाट जवळ, हे सूत्र शतकानुशतके टिकून राहिले.

अठराव्या शतकात छत्रपती शाहू व पेशवे यांच्या आश्रयाने देवालयांस वैभव आले. कवळ्याच्या श्रीशांतादुर्गेचे आजचे देवालय शाहूंचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभे राहिले. मंगेशीस पेशव्यांकडून १७३९ साली गाव इनाम मिळाला. सभामंडप, अग्रशाळा, नगारखाना यांची भर पडली आणि छपरांचे क्षेत्र वाढले. छप्पर वाढले की पागोळ्यांचे पाणीही वाढते. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढल्यानंतर हळूहळू हातघडणीच्या नळीच्या कौलांच्या जागी मंगळुरी कौले आली. त्यांवरून पाणी झपाट्याने व सरळ रेषेत खाली येते. म्हणून पागोळीच्या रेषेखाली कठीण दगडाची पट्टी किंवा उथळ पन्हळ असणे अगत्याचे ठरले. ती नसेल तेथे जोत्यालगतची माती खचते आणि चिखलाचे शिंतोडे भिंतीवर चढतात.

या सर्व काळात प्राकाराची जमीन बव्हंशी मातीची किंवा चिऱ्याची होती. पावसाळा सरला की ती चोपून, सारवून उत्सवासाठी सिद्ध करीत. जांभा दगड सच्छिद्र असतो. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवा लागून कठीण होतो. परंतु पाणी शोषण्याचा त्याचा गुण जात नाही. चिऱ्यांच्या सांध्यांतून पाण्याचा बराच अंश जमिनीत मुरे, विहिरीस व तळीस तो सावकाश पोहोचे, आणि उरलेलाच प्राकाराच्या भिंतीतील मोऱ्यांवाटे बाहेर पडे. जमीन स्वतःच निम्मे काम करीत होती.

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतरच्या काळात रस्ते झाले, मोटारी आल्या, यात्रेकरूंची संख्या वाढली. महाद्वारापर्यंत, काही ठिकाणी त्याच्याही आत, वाहनांस वाट द्यावी लागली. चिखल नको, धूळ नको, वृद्धांचे पाय घसरू नयेत, ही महाजनांची इच्छा सर्वथा रास्त होती. त्यातून सिमेंटचा गिलावा आला, शहाबादी फरशी आली, अलीकडे सिमेंटचे ठोकळेही आले. फरसबंदीस दोष देण्याचे कारण नाही. मात्र जमिनीने अंगावर घेतलेले निम्मे काम फरसबंदी नाकारते, आणि ते दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे लागते, हे पुष्कळदा ध्यानात घेतले गेले नाही.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. एखाद्या देवालयासमोरचा प्राकार १,००० चौरस मीटरांचा धरला, तर ३,००० मिलिमीटर पावसाने त्यावर एका मोसमात तीस लाख लिटर पाणी पडते. आषाढातील एखाद्या सरीत तासाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका तासात ५०,००० लिटर. फरसबंद जमिनीवरून त्यातील सुमारे नव्वद टक्के वाहून जाते, म्हणजे दर सेकंदास साडेबारा लिटर. एक घागर भरून दर सेकंदास कोणी उंबरठ्यावर ओतीत आहे, असे समजावे. छपरांचे पाणी यात धरलेलेच नाही.

हे पाणी नेण्यास उतार हवा. दर ६० ते १०० फुटांस एक फूट, हे प्रमाण अशा फरसबंदीस योग्य होय. वीस मीटर लांबीच्या प्राकारात ८०स १ असा उतार ठेवावयाचा तर जोत्यापासून दूरच्या कडेपर्यंत २५ सेंटिमीटरांचा फरक पडतो. तो डोळ्यांस जाणवत नाही, पालखीच्या भोयांस अडवीत नाही, पण पाण्यास पुरतो. उतार नेहमी सभामंडपाच्या जोत्यापासून व दीपमालेच्या पायापासून दूर जाणारा असावा. कडेस जाळीने झाकलेली मोरी असावी. तिच्या शेवटी पाने व गाळ अडविणारी कुंडी असावी. रस्ता देवालयाकडे उतरत असेल तर महाद्वारापाशी आडवी मोरी घालून बाहेरचे पाणी बाहेरच थोपवावे. वाहनांच्या जागेवरील पाणी तळीत कदापि सोडू नये, कारण त्याबरोबर तेल जाते, आणि तळी ही पाय धुण्याची व स्नानाची पवित्र जागा आहे.

या साध्या गोष्टी राहून जातात, त्याचे एक कारण पंचांगात सापडते. कवळे, मंगेशी, म्हार्दोळ येथील जत्रा माघात येतात. जीर्णोद्धाराची कामे जत्रेपूर्वी आटोपण्याची घाई असते. कोरड्या उन्हात नवी फरशी सुंदर दिसते, तिची वाखाणणी होते, बिल चुकते केले जाते. तिची खरी परीक्षा आषाढात होते, आणि तेव्हा प्राकारात पुजारी आणि मोजके ग्रामस्थ यांवाचून कोणी नसते.

दुसरे कारण याहून खोल आहे. प्रत्येक पिढी जुन्या थरावर नवा थर चढविते. चिऱ्यावर गिलावा, गिलाव्यावर फरशी, फरशीवर ठोकळे. प्राकार वीतभर उंच होतो. जोत्याची एक पायरी नाहीशी होते. भिंतीतील जुन्या मोऱ्यांची तोंडे नव्या थराखाली गाडली जातात. मग पाणी सभामंडपाच्या पायाशी साचते, जांभा ते शोषून घेतो, भिंतीस ओल चढते, रंगाचे पोपडे पडतात. दरवर्षी रंगावर खर्च होतो आणि ओलीचे मूळ पायाखाली तसेच राहते. एखादे वेळी साचलेले पाणी घाईने खालच्या कुळागरात सोडले जाते आणि शेजाऱ्याचा बांध फुटतो. कौटिल्याने ज्यास दंड सांगितला, ते देवाच्या नावाने घडते.

महाजनांच्या संस्थेस १८८६ व १९३३ च्या नियमावलींनी निश्चित स्वरूप दिले. समित्या तीन वर्षांसाठी निवडल्या जातात, वार्षिक अंदाजपत्रके होतात, जमाखर्चाची वहीखाती काटेकोरपणे ठेवली जातात. दागिन्यांची यादी पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहते. परंतु जमिनीखालची मोरी कोठून कोठे जाते, हे सांगणारा कागद बहुधा नसतो. ते ज्ञान एखाद्या वृद्ध सेवेकऱ्याच्या स्मरणात असते आणि त्याच्याबरोबर नाहीसे होते. तीन वर्षांच्या समितीने तीनशे वर्षांच्या उताराशी व्यवहार करावयाचा असतो, आणि मधला दुवा तुटलेला असतो.

जुने गोवे शहराचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. पूर्वेकडील एक थोर राजधानी म्हणून गाजलेले ते नगर साथींनी पोखरले. सच्छिद्र जमिनीतून घाण विहिरींत झिरपत राहिली, हे त्याचे एक प्रमुख कारण अभ्यासकांनी दिले आहे. १७५९ साली व्हाइसरॉयने पणजीस निवास हलविला आणि १८४३ साली राजधानीही अधिकृतपणे तेथे आली. मागे उरली ती भव्य चर्चे, आणि त्यांभोवतीचे माड.

देवालयांवर तशी वेळ येण्याचे कारण नाही, कारण उपाय अल्पखर्ची आहे. नवी फरशी घालण्यापूर्वी जुना थर उकरून मूळ पातळी व मूळ मोऱ्या शोधाव्या. काम पुरे झाल्यावर बिल चुकते करण्याआधी प्राकारात पाणी ओतून ते कोठे जाते व कोठे थांबते ते पाहावे. जेथे वाहनांचा भार नाही तेथे सांधे उघडे ठेवलेला चिराच पुन्हा बसवावा. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी सर्व मोऱ्या व कुंड्या साफ करण्याचे काम समितीने एका व्यक्तीच्या नावावर नोंदवून द्यावे. आणि उतार, मोऱ्या व पाण्याच्या अंतिम वाटा दाखविणारा एक नकाशा दागिन्यांच्या यादीशेजारी दप्तरात ठेवावा.

पूर्वजांनी संकटकाळी देवता खांद्यावर वाहून आणल्या आणि अनोळखी डोंगराच्या कुशीत त्यांची स्थापना केली. त्या वेळी त्यांनी प्रथम पाहिले असेल ते पाणी कोठून येते आणि कोठे जाते हेच. त्यांनी आखलेला तो उतार फरशीखाली अजूनही आहे. त्याचा मान राखणे ही देवाच्या सेवेतीलच एक सेवा होय.