पॉल रोबसन यांची राजकीय भूमिका : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
लोकप्रिय गायकाची राजकीय मते ही बहुधा त्याच्या चरित्रातील उपकथा मानली जातात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक व अभिनेते पॉल रोबसन (१८९८-१९७६) यांच्या संदर्भात हा दृष्टिकोन अपुरा ठरतो. प्रस्तुत लेखात त्यांची भूमिका, तिच्यासाठी त्यांनी मोजलेली किंमत आणि तिची मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

भूमिकेची जडणघडण :
रोबसन यांचे वडील गुलामगिरीतून निसटलेले धर्मोपदेशक होते. कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी (१९२३) मिळवूनही वर्णद्वेषामुळे रोबसन यांनी वकिली सोडली. पुढे ब्रिटनमधील वास्तव्यात वेल्सचे खाणकामगार व आफ्रिकी विद्यार्थी यांच्याशी त्यांचे नाते जुळले. १९३४ मध्ये त्यांनी सोव्हिएत संघास प्रथम भेट दिली, तर १९३८ मध्ये स्पेनमधील प्रजासत्ताकवादी सैनिकांसमोर गायन केले. वर्णमुक्ती, कामगारहित आणि वसाहतवादविरोध हे एकाच लढ्याचे भाग आहेत, ही त्यांची धारणा यातून दृढ झाली.

राजसत्तेशी संघर्ष :
१९४९ मध्ये पीकस्किल येथे त्यांच्या श्रोत्यांवर जमावाने हल्ले केले. १९५० मध्ये शासनाने त्यांचे पारपत्र रद्द केले. देशातील सभागृहेही त्यांना बंद झाली. १९५६ मध्ये संसदीय समितीसमोर त्यांनी आपण कम्युनिस्ट आहोत की नाही, हे सांगण्यास नकार दिला. १९५७ मध्ये समुद्राखालील दूरध्वनी तारेद्वारे ते लंडन व वेल्समधील श्रोत्यांसाठी गायले. एप्रिल १९५८ मध्ये भारतात त्यांची साठी साजरी झाली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हे समारोह समितीचे अध्यक्ष होते. अमेरिकी मुत्सद्द्यांची नाराजी असतानाही पंडित नेहरूंनी या उपक्रमास पाठिंबा दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर रोबसन यांना पारपत्र परत मिळाले.

मर्यादा :
जून १९४९ मध्ये मॉस्को येथे रोबसन यांची यिडिश कवी इत्सिक फेफर यांच्याशी भेट झाली. फेफर त्या वेळी कैदेत होते. मॉस्कोतील मैफलीत रोबसन यांनी त्यांचा नामोल्लेख करून यिडिश प्रतिकारगीत गायले; मायदेशी परतल्यावर मात्र सोव्हिएत दडपशाहीविषयी त्यांनी जाहीर मौन पाळले. १९५२ मध्ये फेफर यांना देहदंड देण्यात आला.

समारोप :
ज्या निकषावर रोबसन यांनी अमेरिकेस जाब विचारला, तो निकष त्यांनी सोव्हिएत संघास जाहीरपणे लावला नाही. तथापि, या मौनामुळे त्यांच्यावरील निर्बंध समर्थनीय ठरत नाहीत. तसेच त्यांनी सोसलेल्या छळामुळे ते मौनही क्षम्य ठरत नाही. या दोन्ही बाबींची नोंद एकाच वेळी घेणे, हेच इतिहासकाराचे कर्तव्य होय.